खांबावरचा बाण

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना काळा मार्कर आहे. सध्या माझा मुक्काम एका मोहोरबंद प्लास्टिकच्या पिशवीत आहे आणि पिशवीवर पुरावा म्हणून माझा क्रमांक लिहिला आहे.

माझी शाई पाण्याने जात नाही, अल्कोहोलने फिकी पडत नाही, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्येही टिकते. सिंगापुरात क्लेमेंटीला खोली घेऊन राहणारे संशोधक नागसेन मला कायम खिशात ठेवत. नळ्या, बाटल्या, स्वतःचा जेवणाचा डबा, दिसेल त्यावर ते नाव घालत. "हा गडी कधी दगा देत नाही," असे म्हणत. मी फुगून जात असे.

एप्रिलमध्ये त्यांच्या सरकारी ब्लॉकच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत भीमजयंती होती. वाट दाखवायला लावलेले कागद वाऱ्याने सारखे निघत होते.

"मागच्या वर्षी आपले वक्ते भाऊसाहेब शेजारच्या ब्लॉकखाली जाऊन बसले, आठवतं?" नागसेन म्हणाले.

"आणि तिथल्या मलाय लोकांच्या लग्नात बिर्याणी खाऊन आले!" त्यांची सहकारी भावना हसली. "हा खडू घ्या, दादा."

"खडू कुणाच्या तरी पाठीला लागून जाईल."

त्यांनी माझे टोपण काढले आणि खांबावर ठसठशीत बाण काढला. भाऊसाहेब वेळेवर पोहोचले. मला धन्य वाटले.

आठवड्याने पोलिसांचे बोलावणे आले. रॅफल्स प्लेसच्या कचेरीत वकील विनीताताईंनी मला टेबलावर ठेवून नीट पाहिले.

"एवढासा बाण, ताई. दंड भरून टाकतो," नागसेन म्हणाले.

"बाण केवढा, एवढ्यावर भागत नाही. परवानगीशिवाय सरकारी खांबावर काही काढणं हा इथे गुन्हा आहे. खडूने काढला असता, तर पहिल्या गुन्ह्याला फटके नसते. शाई न पुसणारी ठरली, तर दंड किंवा कैद, आणि वर वेताचे किमान तीन फटके."

सोबत आलेली भावना हळूच म्हणाली, "मार्कर हरवला म्हणून सांगा ना."

"हरवलेला नाही," नागसेन म्हणाले, आणि त्यांनी मला स्वतः पोलिसांच्या हाती दिले.

तिथे तपासणीला बसलेल्या बाईंनी माझ्या शाईने सिमेंटच्या तुकड्यावर एक रेघ ओढली. मग पाणी, साबण, शेवटी अल्कोहोल. जन्मात पहिल्यांदाच मी मनोमन म्हणालो, पुसली जा. रेघ जागची हलली नाही.

निकाल मी पिशवीतूनच ऐकला. दंड, आणि तीन फटके. सवयीने नागसेनांचा हात खिशाकडे गेला. मी तिथे नव्हतो.

मित्रांनो, माझे टोपण काढण्याआधी समोरची जागा कुणाची आहे, ते पाहा. आणि शेजारी कुणी खडू पुढे करत असेल, तर तो घ्या.