तेजरामचं फुंकर मारणारं यंत्र

बालाघाटच्या तेजरामने तांदूळ निवडायचं यंत्र केलं. असली यंत्रं मोठ्या राइस मिलीत असतात. पण हे पडवीत मावणारं, खेड्यातल्या गिरणीवाल्यालाही परवडणारं. काचेच्या डोळ्याला काळा दाणा किंवा खडा दिसला की यंत्र फुंकर मारून तो उडवायचं. फुंकर तरी कशी! एकदा उडालेला खडा थेट दोन कोसांवरच्या भरवेली गावात एका सायकलच्या घंटीवर टणकन वाजला. खोटं वाटत असेल तर त्या सायकलवाल्याला विचारा. तो अजून मागं वळून बघतोय.

संशोधनासाठी मिळालेल्या सरकारी अनुदानाचा पहिला हप्ता यंत्रात जिरला होता. दुसरा मिळाला तर विकण्याजोगी यंत्रं बनणार, नाहीतर हे एकुलतं यंत्र भंगारात. तपासायला भोपाळहून पौर्णिमा मॅडम आल्या.

तेजरामने चिन्नोर तांदूळ ओतला, बटण दाबलं. यंत्राने दाणा न दाणा फेकून दिला. मॅडमच्या चपला तांदळात बुडाल्या.

"अरे, ये तो सब फेंक रही है!"

तेजराम यंत्रावर वाकला. त्याने वायर बघितली, पंखा बघितला, आणि मग डोळा. डोळ्यावर ओलं, ठसठशीत कुंकू! म्हणून यंत्राला दाणा न दाणा काळाच दिसत होता.

"दुर्गे, हे काहून लावलं?"

"घ्या! नव्या फटफटीच्या दिव्याले लावतो, मंग याले काहून नाही?" बायको म्हणाली. पण त्याचा चेहरा बघून तिने पदराने डोळा पुसला. "मॅडम, चूक मायी हाय. यंत्र गुणाचं हाय."

यंत्र शहाण्यासारखं चालू लागलं. मॅडमचं समाधान होईना.

"कुंकू तो पोंछ लिया. मिल में रोज भूसी जमेगी, तब?"

हे तेजरामच्या ध्यानातच आलं नव्हतं. येणार कसं? दुर्गाबाई पडवी रोज लख्ख झाडायची. तो डोकं खाजवत बसला. मग पाना घेऊन त्याने फुंकरीची एक नळी डोळ्याकडेच वळवली.

"याले आंधी सोताचा डोळा फुंकू द्या."

दुर्गाबाईने सूपभर कोंडा आणून यंत्रावर उधळला. अर्धा मॅडमवर. यंत्राने आधी आपला डोळा साफ केला, मग कोंड्याने माखलेल्या मॅडमकडे बघितलं, आणि अशी फुंकर घातली की साडीवर कण राहिला नाही. चष्माही राहिला नाही. तो शेजारच्या कौलांवर.

"दूसरी किश्त की सिफारिश कर दूंगी," मॅडम डोळे चोळत हसल्या, "पहले मेरा चश्मा उतारिए."

तेजराम चढला. खाली शिडी घट्ट धरून दुर्गाबाई ओरडत होती, "हळू जा न! हप्ता भेटला म्हून उडू नका!"