बाजरीच्या अर्काची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. करंगळीएवढी, ड्रॉपरच्या टोपणाची. माझ्यात औषध नाही, बाजरीच्या परागकणांचा अर्क आहे. फुलोऱ्यातली कणसं कागदावर झटकून कुणीतरी ती पिवळी भुकटी गोळा केली, वाळवली, चाळली, भिजवून गाळली आणि माझ्यात भरली. मग नगरच्या ॲलर्जीच्या दवाखान्यात, डॉ. रेबेकांच्या फ्रिजमध्ये मी आले.

तिथे माझ्या शेजारी गाजरगवताची बाटली होती. तिचं नाव काढलं तरी माझा जळफळाट होई. पेशंटच्या हातावर आमचा एकेक थेंब ठेवून बारीक टोचतात. ज्याची ॲलर्जी असेल त्या थेंबाखाली पंधरा मिनिटांत गांध उठते, डास चावल्यासारखा खाजरा फुगवटा. गाजरगवताची गांध जवळजवळ रोजच उठायची. "बघा, हिने बरोबर पकडलं," डॉक्टर म्हणायच्या. ते पिकात माजणारं तण, तरी मान तिला. मी लोकांच्या ताटातली, पण माझ्या थेंबाखालची कातडी जशीच्या तशी.

पुढे तर ही तपासणी करणाऱ्या इंदूताईंनी मला रोजच्या ट्रेमधून काढून फ्रिजच्या मागच्या कप्प्यात सरकवलं. तिथूनही मला रोज गाजरगवताचं टोपण उघडल्याचा आवाज यायचा.

एके दिवशी तिसगावकडून भागूबाई आल्या. सोबत त्यांचा मुलगा बन्सी होता.

"दर साली दम लागतो," भागूबाई म्हणाल्या. "डोळं चुरचुरत्यात, शिंका थांबत न्हाईत."

"बाजरी निसवली, कणसं भाईर पडली की हिचं दुखणं निघतं," बन्सी म्हणाला. "पीक घरात आलं की ठणठणीत. रानात जायचा कटाळा, दुसरं काय न्हाई."

भागूबाईंनी मान खाली घातली. हे त्यांनी घरात पुष्कळदा ऐकलं असावं.

डॉक्टरांनी बन्सीला बाहेर बसायला सांगितलं. सर्दीची गोळी आठवडाभरात घेतली नाही ना, हे विचारून घेतलं; त्या गोळीने गांध दबते. मग म्हणाल्या, "इंदूताई, मागची बाजरीची बाटलीही घ्या."

मित्रांनो, मी ट्रेमध्ये नेमकी गाजरगवताच्या शेजारी बसले. आमचे थेंब पडले, टोचून झालं. मी मनात एकच घोकत होते : तिची उठू नये, माझी उठावी. चांगली टरारून उठावी.

पंधरा मिनिटांनी तिच्या थेंबाची जागा साफ सपाट होती. माझ्या जागी मात्र चांगली मोठी गांध होती, भोवती लालभडक. इंदूताईंनी पट्टी लावून ती मोजली. मी आनंदाने फुगले, शेजारणीकडे मुद्दाम पाहिलं.

"बाजरीच्या परागाची ॲलर्जी आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"बाजरीची?" भागूबाई दचकल्या. "म्हंजी भाकर सोडायची?"

"भाकरी खाल्ल्यावर त्रास होतो का?"

"न्हाई."

"मग खुशाल खा. त्रास वाऱ्यावरच्या परागाचा आहे. पीक फुलोऱ्यात असताना रानात जाऊ नका. औषध आधीपासून सुरू करू."

भागूबाई गांधेकडे बघत राहिल्या. ती खाजत होती, तरी त्यांनी हात लावला नाही.

"बाई, बन्सीला आत बोलवा," त्या हळूच म्हणाल्या. "ही गांध बसायच्या आत त्याला दावू द्या."

बन्सी आला. आईचा हात हातात धरून त्याने बराच वेळ पाहिलं. "पुढल्या साली बाजरीचं रान मी बघीन," एवढंच म्हणाला.

तेव्हा माझा आनंद कुठल्या कुठे गेला. शेजारणीवर मात करायची म्हणून मी या बाईच्या हातावर मोठ्यात मोठी सूज मागत होते. खोटं कशाला सांगू, हेवा पुरता गेलेला नाही. दुसऱ्याच दिवशी गाजरगवताची पुन्हा वाहवा झाली आणि मला पुन्हा चरफडायला झालं. पण आता मी ट्रेमध्ये असते.

मित्रांनो, घरात कुणाला दरवर्षी एकाच हंगामात दम लागत असेल, तर त्याला ढोंगी म्हणू नका. तेव्हा आसपास काय फुलतं ते बघा. आणि दवाखान्यात काम करत असाल, तर काम झाल्याबरोबर आम्हाला गारव्याला ठेवा. गरम झालं की आमचा अर्क मरतो, गांध उठत नाही, आणि खरं बोलणारी बाई सगळ्यांसमोर खोटी ठरते.