कुलपाशेजारचं बटण

साहेब, माझ्या ताईच्या पोटावर तुम्ही पाय देताय, तोही एका बटणाच्या भरवशावर.

तळ्याकाठी फळ्यांचं लपण आहे. ताई लोकांना आत नेते, पक्षी दाखवते. आत बोलायचं नाही, एवढा एकच नियम. मी फाटकावर तिकिटं फाडतो, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड मला दिसतं. तुम्हाला दिसतात नुसते यंत्रातले चेहरे.

बाहेर पडताना पाहुण्यानं हसरा नाहीतर रागीट चेहरा दाबायचा आणि तो ताईच्या खात्यावर चढायचा. बरं, यंत्र लावलंत कुठं? संडासाच्या दाराला खेटून, कारण प्लग तिथंच होता. दाराला सदा कुलूप आणि किल्ली तुमच्या ऑफिसात.

रविवारी एक काकू नातवाला कडेवर घेऊन दार बडवत होत्या.

"अरे, उघड की!"

"किल्ली ऑफिसात, काकू. ऑफिस उद्या उघडेल."

"म्हणजे फिरायला रविवारी यायचं आणि जायला सोमवारी?"

त्यांनी रागीट चेहऱ्यावर अशी थाप मारली की यंत्र हललं. मागून ताई आली, तसा त्यांचा सूरच बदलला. "अगबाई, तुझ्यावर नाही हो राग! ती अंड्यांवर बसलेली पक्षीण काय सुरेख दाखवलीस!"

"काकू, पण ते माझ्याच नावावर जातं."

बिचाऱ्या हसरा चेहरा दाबत राहिल्या. यंत्र पहिल्यालाच 'धन्यवाद' म्हणून मोकळं, दुसरा चेहरा घेईना.

सोमवारी तुम्ही ताईला सुनावलंत, "पाहुण्यांशी गोड वागा. या महिन्यात चेहरे सुधारले नाहीत तर दुसरी बाई बघतो."

ताई घाबरली. काल एक टोळकं लपणात खिदळायला लागलं, तर पहिल्यांदाच तिनं कुणाला गप्प केलं नाही. पक्षीण उडाली. टोळकं दात काढतंय तोवर कावळ्यांनी घरटं साफ केलं. ताई फळीला धरून नुसती बघत राहिली.

आणि त्याच टोळक्यानं जाताना काय दाबलं? रागीट! संडासाला कुलूप होतं ना.

आता ताई म्हणते, मीच सोडते नोकरी. मी तिला थांबवून इथं आलोय. फाईल मिटा आणि माझ्याकडे बघा. राग तुमच्या कुलपाचा, तर शिक्षा माझ्या बहिणीला का? बोला साहेब. ऐकल्याशिवाय मी हलणार नाही.