पलंगाची जागा

एजंट त्या खोलीला स्टुडिओ म्हणत होता. मी विचारलं, "मग फोटो कुठे काढतात?" चिमी हसली. ओठावरची खपली ताणली गेली, तरी हसली.

तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली. दारातून शिरलं की समोर खिडकी, डाव्या हाताला ओटा, ओट्यामागे न्हाणीघर. संपलं घर. त्यात बसवायचं होतं एक लोखंडी पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या, बुटका फ्रिज आणि माझं सागवानी कपाट. सगळं सामान मी दिलेलं. पोरगी नवऱ्याच्या घरातून कपड्यांची एक पिशवी तेवढी घेऊन निघाली होती.

ही तिची तिसरी खेप. आधी दोनदा निघून आली आणि दोनदा परत गेली. जावई गॅरेजात मेकॅनिक. मारताना जेवढा जोर, तेवढाच रडताना. दोन्ही वेळा माझ्या उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला, आणि ही चपला घालून त्याच्यामागे निघाली. पहिल्यांदा परत गेली ती बरगडी मोडून आली. त्यामुळे मला त्याच्या हाताची भीती होती त्याहून जास्त त्याच्या रडण्याची होती.

हमालांनी दिवसभर दार सताड उघडं बांधून ठेवलं होतं. सामान टाकून ते गेले तशी चिमीने दार लावून घेतलं. मी तेव्हा न्हाणीघरात फरशी घासत होते. बाहेर आले तर ही पलंग ओढत होती.

"खिडकीखाली टाकू गं. सकाळी तोंडावर उजेड येईल."

"उजेड नंतर. खिडकीखाली कोपरा आहे. कोपऱ्यात अडकलीस की संपलं. पलंग मधे घे, डोकं भिंतीला. दोन्ही अंगांनी उतरता आलं पाहिजे."

"मधे पलंग टाकला तर चालायचं कुठून?"

"पलंगावरून."

सुऱ्या मी सगळ्यात खालच्या खणात, फडक्यांच्या मागे ठेवल्या. तवा मात्र हाताशी. टेबल भिंतीला लावलं आणि बाहेर राहिलेल्या दोन कोपऱ्यांना चिंध्या गुंडाळल्या.

"आता रांगतं पोर येणार आहे का इथे?" चिमी म्हणाली.

मी भुवईतली खाच दाखवली. "ही टेबलाची आहे. तुझा बाप नुसता ढकलायचा. बाकीचं काम टेबल करायचं."

मग आम्ही दोघींनी कपाट दाराच्या शेजारी उभं केलं, तिच्या पिशवीतले कपडे आत टांगले आणि कपाटाच्या पायांखाली जुन्या चादरीच्या घड्या सारल्या. एका रेट्यात दारावर सरकलं पाहिजे. माझ्या घरातही ते असंच दाराशेजारी असायचं. तिचा बाप पिऊन यायच्या आत मी ते दारावर सरकवायची आणि हिला कुशीत घेऊन पडायची.

"म्हणजे तो घरघर आवाज यायचा तो कपाटाचा? तू तर उंदीर म्हणायचीस."

"होताच की. चांगला सहा फुटी उंदीर."

"आई, तू घर मांडतेस का किल्ला?" असं म्हणून ती चहाचं भांडं शोधायला लागली, तेवढ्यात दारावर थाप पडली. हलकीच.

"राणी, मी आहे."

भांडं तिच्या हातात तसंच राहिलं.

"टेम्पोवाला आमच्याच गॅरेजात येतो, राणी. लपायचं तर टेम्पो तरी दुसरा करायचास." तो हसला, आणि पुढच्या श्वासाला रडायला लागला. "चार दिवस जेवलो नाही गं. घर खायला उठतं. आईंना सांग, माझं चुकलं. तुझ्या पाया पडतो, उघड."

मी चिमीकडे बघत होते आणि चिमी भिंतीशी काढून ठेवलेल्या चपलांकडे. तिचा एक पाय पुढे झाला.

"चिमे," मी म्हटलं, "कपाटाला हात लाव."

तिने हात लावला नाही. चपलांकडेही गेली नाही. मधल्यामधे उभी राहिली.

बाहेरचा धीर तेवढाच होता. दारावर लोखंड आदळलं. टायर उचकटायची टॉमी घेऊन आला होता, पाया पडायला. "उघडतेस का नाही? त्या म्हातारीला आधी घेतो, मग तुझ्याकडे बघतो!" दुसऱ्या घावाला कडीजवळचं लाकूड चिरलं.

तेव्हा ती कपाटाला भिडली. मीही पाठ लावली. कपाट सरकून दारावर बसलं, अगदी मापात, चौकटीपेक्षा बोटभर अरुंद, वीतभर बुटकं. मी दम घेतला. इतकी वर्षं ज्याने मला वाचवलं ते आता हिला वाचवणार, असं मनात आलं.

"आई," चिमी कुजबुजली, "हे दार बाहेर उघडतं."

माझ्या आयुष्यातलं एकही दार बाहेर उघडलेलं नव्हतं. मी बघितलंच नव्हतं. कडी तुटली, दार कर्रकन बाहेर गेलं, आणि कपाटाच्या वरच्या फटीतून जिन्याचा उजेड आत आला.

तो हसायला लागला. "कपाट? मला कपाट आडवं लावता?"

कपाटाची पाठ प्लायवूडची. टॉमी तिच्यात घुसली, बाहेर निघाली, पुन्हा घुसली. आत हँगर खडखडले. कपाटाची दारं आमच्या बाजूला होती, त्यातलं एक उघडलं आणि आतून हात आला. कोपरापर्यंत सोललेला, रक्ताळलेला हात. चिमीच्या कपड्यांमधून चाचपडत तो तिच्या केसांपर्यंत पोचला आणि मुठीत धरून त्याने तिचं डोकं फळीवर आपटलं. एकदा. दोनदा. फळीवर रक्त उडालं. मी तवा घेतला आणि मनगटावर घातला. हाडाचा आवाज आला. केस सुटले.

"ढकल!" मी ओरडले.

खाली चादरी होत्याच. आम्ही खांदे वर लावले आणि ढकललं. कपाट उंबऱ्याला अडलं, डुललं, आणि पाठीवर बाहेर, त्याच्या अंगावर गेलं. त्याचा हात अजून आतच होता. जो आवाज झाला तो लिहून दाखवता येणार नाही.

मग तो. "राणी... हात गेला माझा... उचल गं... तुझ्याशिवाय कोण आहे मला..."

कपाट खाली, तो त्याच्या खाली कमरेपर्यंत, तोंड बाहेर. रडत होता. तेच रडणं.

चिमी पुढे गेली. मी तिला धरलं नाही. धरून किती दिवस धरणार होते? ती कपाटावर चढली. खालून किंकाळी आली. तिने गुडघ्यावर बसून वरचं दार उघडलं. आत कपड्यांच्या चोळामोळ्यात त्याचा हात होता, भलत्याच बाजूला वळलेला, आणि मुठीत तिचा पिवळा कुडता.

"उचल, राणी."

तिने त्याचं एकेक बोट सरळ केलं. प्रत्येक बोटाला तो ओरडला. कुडता काढून घेतला, झटकला, खांद्यावर टाकला. कपाटाचं दार लावलं. उठली आणि त्याच्यावरून चालत पलीकडे उतरली.

समोरच्या घराचं दार तिने वाजवायच्या आधीच किलकिलं झालं. आतले म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पोलिसांना फोन केलाय, पोरी. बाहेर यायची छाती झाली नाही."

"कपाट उचलायला येऊ नका," ती म्हणाली. "पोलीस येऊन बघू देत."

त्याला नेलं तेव्हाही तो तिला हाका मारत होता. ती जबाब देत होती, डोक्याला पंचा दाबून. तिने वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुताराने दाराला नवी कडी आणि आतून जाड अडसर बसवला. कपाट आम्ही भिंतीला लावलं, भोक भिंतीकडे करून. टाके पडलेलं डोकं सांभाळत चिमी पलंगाच्या उशाशी उभी राहिली.

"खिडकीखाली," ती म्हणाली.

तिथे कोपरा होता. कोपरा तसाच होता.

मी पायाकडची बाजू उचलली.