तिसरं विचारणं

क्लोटिलने नकाशाच्या एका कोपऱ्यावर मिठाची बरणी ठेवली, दुसऱ्यावर तिखट सॉसची बाटली, आणि न्यू ऑर्लिन्सपासून वर उत्तरेकडे पेन्सिलीची रेघ ओढत निघाली. रेघ नदीला धरून चालली, मग नदीचं बोट सोडून डावीकडे वळली. नॉर्थ डकोटात शिरल्यावर मात्र तिला अडवायला काही उरलंच नाही. डोंगर नाही, वन नाही, गवतामागे गवत आणि गवतामागे आभाळ.

“तुझ्या राज्यात पेन्सिल आपोआप धावते की रे,” ती नवऱ्याला म्हणाली.

“गाडीही तशीच धावते. ड्रायव्हर झोपला तरी रस्ता सोडत नाही.”

हॅल्वर खिडकीशी बसून बुटांना पॉलिश करत होता. निघायला अजून महिना होता, तरी दुसऱ्यांदा करत होता. सोमवार म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या रिवाजाप्रमाणे शेगडीवर राजमा शिजत होता.

हॅल्वरच्या गावाला शंभर वर्षं होत होती. गाव सोडून गेलेले सगळे त्या दिवसासाठी परतणार होते. वडिलांना मातीत ठेवलं, त्यानंतर हॅल्वर तिकडे फिरकला नव्हता. थोरली बहीण गुड्रन अजून त्याच शेतावर, त्याच घरात एकटी राहत होती. नाताळात दोघं एकमेकांना कार्ड पाठवत, आणि कार्डावर फक्त हवामान लिहीत.

“राहायचं कुठे?” क्लोटिलने विचारलं.

“हायवेवर मोटेल आहे.”

“आणि जन्मलास ते घर?”

हॅल्वरने बुटाच्या टोकावर फुंकर मारली. “तिने बोलवायला हवं ना.”

क्लोटिलने नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि नकाशावर ठेवून दिला.

“वारा आहे,” पलीकडून गुड्रन म्हणाली. त्यांच्याकडे बोलणं असंच सुरू होतं.

“जोराचा?” हॅल्वरने विचारलं.

“नेहमीचाच. शेजाऱ्याची कोंबडी आमच्या कुंपणाला चिकटली होती, नेऊन दिली.”

“शंभरीला येतोय आम्ही.”

“असं होय.” थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. “वरची खोली रिकामीच आहे.”

“नको नको. तुला कशाला त्रास?”

क्लोटिलच्या हातातला डाव पातेल्यावर थांबला.

“चादरी धुतल्याच आहेत म्हणा.”

“नको गं. मोटेल आहे ना.”

हॅल्वर पुढे वाकला. बूट मांडीवर, नजर फोनवर. दाराबाहेर पावलं वाजावीत आणि आत कुणी श्वास रोखून बसावं, तसा.

“बरं,” गुड्रन म्हणाली. “भेटू मग गावात.” फोन बंद झाला.

“झालं समाधान?” क्लोटिल कडाडली. “सख्खी बहीण अंथरूण घालून बसलीय आणि हा म्हणे मोटेल!”

“मी कुठे नाही म्हणालो?”

“दोनदा म्हणालास! या कानांनी ऐकलं.”

“दोनदा म्हणायचंच असतं, क्लोटिल. तिसऱ्यांदा विचारतात, तेव्हा म्हणायचं, बरं, फार त्रास नसेल तर.” त्याचा आवाज खाली आला. “बाबांच्या वेळीही तिने दोनदाच विचारलं होतं, राहतोस का म्हणून. तिसऱ्यांदा नाही.”

क्लोटिल त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्या आईच्या घरी पाहुण्याला कुणी विचारत नसे, ताट भरूनच समोर येई. पाहुणा नको म्हणालाच, तर त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघत.

“आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, जमिनीवरून भांडलात तुम्ही.”

“भांडण? छे. आम्ही भांडत नाही.”

तिने पुन्हा नंबर लावला.

“गुड्रन, मी क्लोटिल. तू दोनदाच विचारलंस.”

“मोजलंस होय?”

“तुझ्या भावाने मोजलं. वडिलांच्या वेळचंही मोजून ठेवलंय त्याने.”

“बाबांच्या वेळी,” गुड्रन म्हणाली आणि अडखळली. “बाबांच्या वेळी मी आत केक भरायला गेले होते. म्हटलं, डबा हातात देते आणि तिसऱ्यांदा विचारते. बाहेर आले तर अंगणात नुसती धूळ. मला वाटलं, याला आता हे घर नकोसंच झालं. ज्याला नकोय त्याला तिसऱ्यांदा विचारलं, तर तो भिडेखातर हो म्हणतो गं. मघाशी म्हणूनच जीभ आवरली.”

हॅल्वरने बूट खाली ठेवला. टेबलाशी येऊन तो नकाशावर हात टेकून वाकला. पॉलिशचं काळं बोट कुठल्यातरी राज्यावर उमटलं.

“गुड्रन.”

“हां. तर मी काय म्हणत होते, ती वरची खोली…”

“हो,” हॅल्वर म्हणाला.

“अरे, विचारू तरी देशील?”

“हो. येतो.”

पलीकडे गुड्रनने जोरात नाक शिंकरलं.

“अगदीच निर्लज्ज झालास रे,” ती म्हणाली. “तिकडचं पाणी लागलं तुला.”