परत न आलेले

वैष्णवीच्या पापण्या उघडत नव्हत्या आणि अप्पाराव डॉक्टर म्हणत होते, पित्त आहे.

उत्तराचं डोकं सणकलं. पाथरीतला हा दवाखाना तिच्या सासऱ्यांचा, अप्पारावांचा. ती एमडी होऊन आली, तरी औषधांच्या फ्रिजची किल्ली अजून त्यांच्याच खिशात.

"मामा, पोरगी जमिनीवर झोपली होती. पहाटे पोट धरून उठली, आता पापण्या पडायल्यात. मण्यार चावलीय. सापाच्या विषावरचं इंजेक्शन काढा."

"चावल्याची खूण दाखव."

"मण्यारीची खूण बऱ्याचदा दिसतच नाही. पुस्तकांत आहे, सरकारी सूचनांत आहे."

"लिहिणाऱ्यांनी पाथरी बघितलीय का?" अप्पाराव शांतपणे म्हणाले. तो शांतपणाच तिला जास्त झोंबला. "त्या इंजेक्शनची रिअॅक्शन आली तर माणूस टेबलावर जातो. असली पोटदुखी मी आयुष्यभर बरी केली. गेल्या पावसाळ्यातला तो जीवन घे. हेच दुखणं, अशाच जड पापण्या. एक सुई दिली, चालत घरी गेला. परत आला का? नाही. म्हणजे बरा झाला."

दाराशी बसलेली सरजाबाई उठली. ही वैष्णवीची शेजारीण. पोरीला जीपमध्ये घालून तिनंच आणलं होतं.

"जीवन माझा ल्योक व्हता," ती म्हणाली. "घरी आला अन् त्याला दमच घेता येईना. परभणीला नेताना पेडगावच्या अलीकडंच संपला."

अप्पारावांचा चेहरा उतरला. "मग मला येऊन सांगितलं का नाही?"

"तुमी कवा इचारलं? आज बी मी तुमच्याकडं न्हाई आले. सूनबाईकडं आले."

आयुष्यभर बरी केली म्हणे. उत्तराच्या अंगाचा तिळपापड झाला. जो परत आला नाही तो यांनी बिनधास्त बरे झालेल्यांत धरला, आणि त्यालाच अनुभव म्हणत बसले. मेलेला माणूस कधी दाखवायला येतो का? तिनं हात पुढं केला. "किल्ली द्या."

त्यांनी दिली. इंजेक्शन सलाईनमधून सुरू झालं. पोरीचा श्वास उथळ व्हायला लागला तसा उत्तरानं तिच्या तोंडावर मास्क बसवून श्वासाचा फुगा दाबायला घेतला. अँब्युलन्स दाराशी लागली. आणि अप्पाराव आपले जाऊन खुर्चीत बसले, सवयीनं म्हणाले, "पुढचा कोण आहे?"

"पुढचा कुणी नाही," उत्तरा कडाडली. "उठा. गाडीत चला. पेशंटचं पुढं काय होतं, ते एकदा तरी डोळ्यांनी बघा."

ते गाडीत चढले, मागोमाग सरजाबाईही. उत्तरानं फुगा त्यांच्या हातात दिला आणि मास्क स्वतः घट्ट धरून बसली. "परभणी येईपर्यंत थांबायचं नाही."

पेडगाव जवळ आलं तशी सरजाबाईनं काचेतून बोट दाखवलं. "हितं," ती म्हणाली.

अप्पारावांनी तिकडं बघितलं. फुगा दाबायचं मात्र त्यांनी थांबवलं नाही.