पाण्याला कमी पडणार नाही

मी मानस बोलतोय. मन नव्हे हो! पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी माझं नाव ऐकलं की त्यांचे डोळे लगेच ओले होतात. एक बाई तर माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मानस! किती तरल नाव!" तरल कसलं डोंबल? मी खाजनाच्या बांधातला लाकडी दरवाजा. जन्मभर चिखलात उभा राहिलो, अंगाला कालवं चिकटली, आणि माशांच्या वासाशिवाय दुसरा वास मला ठाऊक नाही.

पेडण्याकडे खाडीकाठी सखल भातजमिनी आहेत, त्यांना खाजन म्हणतात. खाडी वर आणि शेत खाली, मधे मातीचा बांध. त्या बांधात मी. भरती आली की खाडीचं पाणीच मला ढकलून घट्ट मिटतं. सुकती लागली, म्हणजे ओहोटी हो, की शेतातलं जादा पाणी मला आतून उघडून बाहेर जातं. मला उघडायला कोणी लागत नाही, मिटायलाही कोणी लागत नाही. माणसांनी मला हात लावायचा नाही, एवढीच माझी अपेक्षा. तीही त्यांना जड गेली.

मला फिरंग्यांच्या अमदानीत एका मेस्त्याने, म्हणजे सुताराने, किंजळीच्या लाकडातून घडवलं. मेस्त मोठा तिरसट. फळीला फळी भिडेपर्यंत जेवायला उठायचा नाही. तेव्हा गावकरी दर पावसाआधी मला उंडीचं तेल चोपडायचे, बांधाला माती घालायचे, आणि त्यावरून एकमेकांशी कडाकडा भांडायचे. फिरंगी गेले, पुढे गोव्याचं राज्य झालं, पोरं नोकरीला लागली. तेल थांबलं, माती थांबली. भांडणं तेवढी चालू राहिली.

शेत टिकवलं चंद्रावतीने. नवरा मुंबईला जहाजावर गेला तो पैसे पाठवतो, पण स्वतः काही परत येत नाही. ही बाई एकटी कोरगूट भात लावते. कोरगूट म्हणजे आमच्या खाऱ्या मातीत येणारं तांबडं भात. तोंडाने फटकळ. बांधावर कोणाचं ढोर चढलं तर धन्याच्या सात पिढ्या उद्धरते, आणि देवळासमोर आली की तीच बाई मांजरासारखी मऊ होते.

माझ्या शेजारचा, बांधाच्या आतला गवताचा तुकडा कृष्णनाथाचा. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, पांढरा लेंगा, खिशाला पेन. आपल्याच जमिनीत पाय ठेवताना तो लेंगा गुडघ्यापर्यंत वर धरतो. त्याचा मुलगा गौरेश हॉटेलचं शिकून आला आणि म्हणाला, "पप्पा, लोकांना आता खोल्या नको, तंबू हवेत. पाण्याच्या काठी."

झालं! बापलेक जागा शोधायला निघाले. हे सगळं मला कसं कळलं म्हणाल, तर बांधावर येणारा प्रत्येक जण माझ्याच डोक्यावर बसून बोलतो.

आधी ते मोरजीला गेले. वाळू बघून गौरेश हरखला. तेवढ्यात वनखात्याचा माणूस आला आणि म्हणाला, ही कासवांची जागा, इथे दिवासुद्धा लावायचा नाही. मग हरमल. तिथे खाटेला खाट लागलेली, पाऊल ठेवायला वाव नाही. मग स्वतःचाच सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळपठार, काजूच्या झाडांचं. जागा कोरडी, वारा छान, विहिरीला गोडं पाणी. पण कृष्णनाथ म्हणाला, "हंय पाणी खंय दिसता? पावणे काय काजी मोजूक येतले?" एकच शहाणी जागा होती, ती त्यांनी अशी सोडली.

शेवटी आले माझ्याकडे. त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला भरतीला जोर नसतो. खाडी गप्प पडलेली, गवत हिरवंगार, खंड्या खांबावर बसलेला. अहाहा! गौरेश तर गवतावर चक्क आडवा पडला आणि म्हणाला, "पप्पा, जमीन बघ किती मऊ! पावण्यांक गादीपण नको."

मऊ! अरे शहाण्या, खालचा चिखल मऊच असतो. तंबूची खुंटी त्याने नुसत्या पायाने दाबली तर ती सर्रकन आत गेली. त्याचाही त्याला आनंद. हातोडी वाचली! सूर्य कुठे मावळतो ते त्याने बघितलं, वारा कुठून येतो ते बघितलं, फोनला रेंज येते का ते तर तीनदा बघितलं. माझ्या अंगावर खाडीच्या बाजूने कालवं कुठवर चढलीत, ते बघितलं नाही. त्याच्या छातीपर्यंत होती. जिथे कालव, तिथवर पाणी. पण त्याने कालवांना फोटोत घेतलं आणि निघून गेला.

तरी आमच्याकडे कोणी स्वतःच्या अकलेवर जागा ठरवत नाही. कौल लावावा लागतो. देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सारा गाव देवळात जमला. कृष्णनाथाला एकाच गोष्टीची धास्ती होती. तिथे विहीर खणायची, तर पाहुण्यांच्या आंघोळीला पाणी पुरेल का? त्याने भटजींना तेवढंच विचारायला सांगितलं.

भटजींनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान मानसाकडे तंबू घालूचा मनात आणलान हा. थंय पाण्याक कमी पडूचा नाय, असा आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले. चंद्रावती सगळ्यांत मोठ्याने.

उजवी पाकळी टपकन पडली. आता सांगा, देव खोटं बोलला का? खाडीच्या काठी, भरतीच्या तोंडी, पाण्याला कमी पडणार नाही हे सांगायला देव तरी कशाला हवा होता? पण बापलेकांचे चेहरे असे फुलले की काय सांगू!

दिवाळीच्या आधी तंबू उभे राहिले. निळे, नारिंगी. आणि पहिल्याच पाहुण्यांनी गौरेशचं डोकं खाल्लं. मी माझं काम करत होतो ना! सुकती लागली की आतलं पाणी बाहेर सोडत होतो. मग तंबूंसमोर काय उरणार? चिखल, खेकडे आणि वास. गॉगल लावलेली एक बाई म्हणाली, "फोटोत पाणी होतं. ते कुठे गेलं?"

गौरेशने डोकं लढवलं. जाडसर नायलॉनची दोरी आणली, मला ओढून उघडं धरलं आणि खांबाला बांधून टाकलं. आता खाडी सरळ आत येणार, तंबूंच्या पायाशी खेळणार, पाहुणे खूश! त्या मूर्खाला वाटलं, मी नुसता त्याच्या मधे मधे येतोय.

चंद्रावतीने दोरी बघितली आणि ती बांधावरूनच गरजली, "गौरेश! कोणाक इचारून बांदलंस रे ही? माजा भात पिकान उभा आसा. दिवाळी सरली की कापूचा आसा. खारा पाणी शिरला तर काय तुजो बापूस भरून देतलो?"

"काकी, रागावू नको गे. सांजवेळेक सोडतंय."

"सोडतंय म्हणजे? आत्ताच सोड!"

तेवढ्यात कृष्णनाथ लेंगा वर धरून पुढे आला आणि मुद्दाम हळू आवाजात म्हणाला, "चंद्रावती, देवान कौल दिलो हा. तूच होय म्हाराजा म्हटलंस. आता देवाच्या शब्दाआड येतलंस?"

सात पिढ्या उद्धरणारी बाई! तिने देवळाच्या दिशेने हात जोडले आणि घरी गेली. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! एवढं तोंड दिलंय देवाने, आणि नेमक्या वेळी मिटलं.

संध्याकाळी दोरी सोडायची गौरेशला आठवण राहिली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आश्विनातली अष्टमी मागे पडली, अमावास्या जवळ येऊ लागली, तसं पाणी रोज थोडं पुढे सरकू लागलं. चंद्रावती रोज बांधावर येऊन शेताच्या मेरेपर्यंत, म्हणजे आतल्या छोट्या बांधापर्यंत, बघायची आणि ओठ चावत परत जायची. गौरेश मात्र खूश. पाणी तंबूंच्या जवळ येतंय म्हणजे धंदा वाढतोय, असा त्याचा हिशेब. सगळ्या तंबूंत माणसं आली. चतुर्दशीला पाहुण्यांना गुळाचे फोव, म्हणजे पोहे, खाऊ घातले, त्यांचेही फोटो निघाले.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. दुपारी ऐन जेवणाच्या वेळी उधाणाची भरती लागली. खाडी फुगली आणि माझ्या उघड्या तोंडातून धो धो आत शिरली. आधी चटया तरंगल्या, मग ताटं, मग सुंगटांच्या हुमणाचं, म्हणजे कोळंबीच्या आमटीचं, भांडं. गॉगलवाली बाई खुर्चीवर उभी राहून किंचाळत होती, "पाणी! पाणी!" घ्या की आता! हवं होतं ना? एक जाडा गृहस्थ तंबूच्या खांबाला मिठी मारून बसला तर खांबच चिखलातून सर्रकन वर आला. गौरेश बॅगा गोळा करत सैरावैरा धावत होता. मला सोडावं हे त्याला सुचलंसुद्धा नाही. आणि कृष्णनाथ बांधावर उभा राहून देवाला हात जोडत होता.

चंद्रावती धावत आली तेव्हा पाणी तिच्या मेरेवरून आत उतरत होतं. पिकलेलं भात आडवं पडू लागलं होतं. कोयता हातात होता, पण माझ्यापाशी येऊन तिचा हात थांबला. दोरी कापली तर देवाचा कौल मोडला. नाही कापली तर वर्षाचा घास गेला.

"देवा," ती रडत ओरडली, "माका खाऊक जाय तर खा, पण माजा भात खाव नको!" आणि तिने कोयता घातला.

मी असा धाडकन मिटलो की माझी एक फळी तडकली. पण मिटलो. वरचे कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे, वाचले. खालचे गेले. पुढचं वर्षभर त्या खालच्या मातीत मिठाने गवतदेखील उगवलं नाही.

आता माणसांची अक्कल ऐका. पाहुणे ओले कपडे घेऊन निघून गेले, आणि गावात कुजबुज सुरू झाली की चंद्रावतीने कौल मोडला म्हणूनच देव कोपला. पाणी आधी आलं की दोरी आधी कापली, एवढाही विचार कोणी केला नाही. तिला देवळात बोलावलं. नारळ ठेव, माफी माग.

ती गेली. नारळ ठेवला. पण भटजींनी गाऱ्हाणं सुरू करायच्या आत तीच बोलली, "म्हाराजा, मानसाक दोरी बांदूक तू सांगलेलंस काय? सांगलेलंस तर उजवो दी, नाय तर डावो."

डावी पाकळी पडली. देवळात कोणी होय म्हाराजा म्हटलं नाही. कृष्णनाथ घसा खाकरून म्हणाला, "पाकळी जरा जादा ओली आसली."

मग पंचाईत झाली. देवाचा दोष असू शकत नाही. चंद्रावती सुटली. गौरेश आपल्या गावचा, शिकलेला, त्याला कोण बोलणार? उरलो मी! बैठकीत ठरलं की मानस जुना झाला होता, कुसला, म्हणजे कुजला होता. चंद्रावती ताडकन उठून म्हणाली, "मानस नाय कुसलो, माणसां कुसली!" पण तोवर सगळे चहाला उठले होते.

मला उपटून बांधावर टाकलं. माझ्या जागी लोखंडी दरवाजा आला, सरकारी योजनेतला. तो आपसूक उघडत नाही, मिटत नाही. त्याला चाक आहे, ते माणसाने फिरवायचं. पुन्हा कोणी छेडछाड करू नये म्हणून चाकाला साखळी आणि कुलूप घातलंय. चावी जबाबदार माणसाकडे असावी असं ठरलं. म्हणजे कृष्णनाथाकडे. काय म्हणावं ह्या लोकांना! भरती-ओहोटीची चावी त्याच्या लेंग्याच्या खिशात!

गौरेशने दुसऱ्या गावात तंबू लावलेत. तिथेही जमीन मऊ आहे म्हणे.

दोन पावसाळ्यांनी खालच्या कुणग्यांतलं मीठ धुतलं. यंदा चंद्रावतीने तिथे पुन्हा कोरगूट लावलं. आता दाणा भरलाय. आणि आज अमावास्या आहे. सकाळी सुकतीला कृष्णनाथ आला, दरवाजा उघडून शेतातलं पाणी बाहेर काढलं, उघड्या दरवाजालाच साखळी घालून कुलूप लावलं आणि चावी घेऊन म्हापशाला भाच्याच्या वाढदिवसाला निघून गेला. चंद्रावतीने फोन लावला तर उचलत नाही. जेवायला बसला असेल.

तुम्ही मघापासून माझ्यावर बसलाय. तंबूला जागा बघायला आलाय ना? इकडचा वारा छान आहे, गवत मऊ आहे, सगळं खरं. पण त्या दरवाजाशी ती बाई दोन्ही हातांनी साखळी ओढतेय, तिच्याकडे जरा बघा. ती कोणाला शिव्याही देत नाहीये, म्हणजे समजा. मी आडवा पडलेलो, मला आता हलता येत नाही. तुमच्या गाडीत पहार असेल, हातोडा असेल, निदान टायर खोलायचा पाना तरी असेल. उठा हो माझ्यावरून, घेऊन पळा तिच्याकडे! भरती लागली.